मानपत्रात नेमके काय लिहायचे? अहिल्यादेवींच्या नावाने गावोगावी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराबद्दल खुले पत्र

प्रति,
ग्रामविकास विभाग आणि महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी यांस,

विषय : ग्रामपंचायत स्तरावरील पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सन्मान पुरस्काराची निवडपद्धत बदलण्याबाबत.

महोदय / महोदया,

दरवर्षी ३१ मे रोजी, अहिल्यादेवींच्या जयंतीदिनी, प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील दोन कर्तबगार महिलांचा त्यांच्या नावाच्या पुरस्काराने गौरव करावा, असा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. सन्मानपत्र, शाल, श्रीफळ आणि रोख ५०० रुपये असे या पुरस्काराचे स्वरूप आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, म्हणजे वर्षाला पंचावन्न हजारांहून अधिक स्त्रियांपर्यंत हा सन्मान पोहोचू शकतो. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या पुरस्कारांना तळागाळातली कामे सहसा दिसत नाहीत. हा पुरस्कार मात्र त्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत जाणारा आहे. म्हणूनच मी या निर्णयाचे मनापासून स्वागत केले होते आणि आजही त्याच्या विरोधात नाही. हे पत्र पुरस्कार बंद करा असे सांगण्यासाठी नसून, तो ज्या रीतीने दिला जातो ती रीत बदला असे सांगण्यासाठी आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. अक्षर बरे आणि चार ओळी नीट लिहिता येतात, एवढ्या भांडवलावर आमच्या व शेजारच्या दोन-तीन गावांतील मानपत्रे लिहिण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे येत आले. अहिल्यादेवी पुरस्कार सुरू झाल्यापासून त्यात या मानपत्रांची भर पडली. निरोप बहुतेक वेळा ३० मेच्या संध्याकाळी येतो. शिपाई एका चिठ्ठीवर दोन नावे लिहून आणतो आणि म्हणतो, "बाई, उद्या दहाचा कार्यक्रम आहे, जरा छान लिहून द्या." या महिलांनी काय काम केले असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "ते तुम्हीच बघा बाई, तुमची भाषा चांगली आहे." मग निःस्वार्थ सेवा, अहोरात्र तळमळ, मोलाचे योगदान असे शब्द जुळवायचे. नावाची जागा रिकामी ठेवली, तर तेच मानपत्र तालुक्यातील कोणत्याही महिलेला चालावे. यंदा मी लिहून देण्यास नकार दिला. काहींना तो माझा ताठा वाटला. त्यामागची कारणे जाहीरपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली तक्रार निवडीबद्दल आहे. आमच्या गावात ही नावे कोणी सुचवली, कोणाकोणाच्या नावांचा विचार झाला आणि कोणत्या कामासाठी ही दोन नावे ठरली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर गावकऱ्यांना मिळत नाही. सूचना फलकावर सूचना लागत नाही आणि ग्रामसभेत विषय येत नाही. कार्यालयाच्या खोलीत चार-पाच जण बसतात, चहा होतो आणि नावे ठरतात. ती नावे बहुतेक वेळा सत्ताधारी पॅनेलच्या घरांतली असतात. यंदाच्या दोन्ही महिला विद्यमान सदस्यांच्या नात्यातल्या होत्या. त्या वाईट आहेत असे मी म्हणत नाही; त्यांतली एक माझी विद्यार्थिनी होती आणि गुणी मुलगी आहे. पण तिचा सत्कार कशासाठी झाला, हे तिलाही सांगता आले नाही. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, मला सकाळीच कळलं." सर्वच गावांत असे घडते असा माझा दावा नाही. ज्या ग्रामपंचायतींनी निवड नीट केली असेल, त्यांनी आपली पद्धत सर्वांपुढे मांडली तर आमच्यासारख्यांचे काम सोपे होईल.

देशाच्या पद्म पुरस्कारांसाठीसुद्धा आज कोणताही नागरिक कोणाचेही नाव सुचवू शकतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपण्याचे काम आपल्या घरापासून सुरू केले आणि त्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. राष्ट्रपती भवनाचा दरवाजा गावाकडच्या शिफारशीला उघडा असेल, तर ग्रामपंचायतीचा दरवाजा त्याच गावातल्या माणसांना बंद का असावा?

याच्या उलट टोकालाही एक खोड आहे. तालुका-जिल्हा पातळीवरच्या कित्येक पुरस्कारांसाठी इच्छुकानेच प्रस्ताव सादर करायचा, सोबत वर्तमानपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे आणि शिफारसपत्रे जोडायची, अशी पद्धत पडली आहे. ज्या बाईने अपरात्री शेजारणीला कळा सुरू झाल्यावर कोणाचा तरी टेम्पो थांबवून तिला ग्रामीण रुग्णालयात नेले, तिने त्याच वेळी पुराव्यासाठी फोटो काढून घ्यायला हवा होता काय? ज्यांच्याकडे कात्रणांची फाइल जाडजूड असते, त्यांचे काम खोटे असते असे नाही. पण ज्यांच्याकडे फाइलच नाही, त्यांचे काम या रीतीत मोजलेच जात नाही. हा रोग ग्रामपंचायतीच्या पुरस्काराला लागू नये.

दुसरी तक्रार एका युक्तिवादाबद्दल आहे. गेल्या वर्षी मी आमच्या अंगणवाडीतील मदतनीस महिलेचे नाव तोंडी सुचवले होते. त्यावर मला सांगण्यात आले, "त्यांना मानधन मिळते ना? मग ते त्यांचे कामच आहे." या न्यायाने पाहिले, तर मानधन घेणाऱ्या सरपंचांचा आणि पगार घेणाऱ्या आम्हा शिक्षकांचा सत्कार कधीच होता कामा नये, प्रत्यक्षात दर ५ सप्टेंबरला शिक्षकांचे सत्कार होतात आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांना जागतिक आरोग्य नेतृत्वाच्या पुरस्काराने गौरवले, तेव्हा मानधनाचा मुद्दा आड आला नाही. त्याच आशाताईंना मानधनवाढीसाठी २०२३ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी संपावर जावे लागले, हेही आपल्याला ठाऊक आहे. जिनिव्हात गौरव आणि मुंबईत आझाद मैदान, अशी त्यांची गत झाली. निदान गावाने तरी त्यांना हक्काचे चार शब्द द्यावेत.

मी ज्या मदतनीस महिलेचे नाव सुचवले तिने काय केले होते, ते तिचे नाव न घेता सांगते. गावातील एका सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरल्याचे तिला अंगणवाडीत पोषण आहार वाटताना कळले. कायद्याने ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे गावातील बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. तिने आधी त्यांना कळवले. तिथून हालचाल होईना, तेव्हा १०९८ या क्रमांकावर फोन केला. हळदीच्या आदल्या दिवशी पथक आले आणि लग्न थांबले. त्यानंतर कित्येक महिने त्या भावकीतल्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या, दळणाच्या गिरणीवर ती आली की बाजूला सरत. मुलगी पुढे बारावी झाली. ही गोष्ट गावातील प्रत्येकाला माहीत आहे आणि ग्रामपंचायतीच्या एकाही कागदावर नाही. पुरस्काराच्या निकषांत बालविवाह प्रतिबंध हे काम ठळकपणे धरलेले असताना, ज्या बाईने ते प्रत्यक्ष केले तिच्या नावाला "उगाच जुने वाद उकरायला नकोत" म्हणून नकार मिळतो. ज्या कामाने कोणीच दुखावत नाही अशाच कामाचा सत्कार करायचा असेल, तर तसे स्पष्ट जाहीर करावे.

इथे एक काळजीही मांडते. अशा कामाचा जाहीर सन्मान त्या स्त्रीला पुन्हा अडचणीत आणू शकतो. म्हणून तिचे नाव जाहीर करण्यापूर्वी तिची संमती घेतली पाहिजे, आणि तिने व्यासपीठ नको म्हटले तर सन्मानपत्र घरी जाऊन दिले पाहिजे. आमच्याकडे सत्कारमूर्तीला विचारण्याची पद्धतच नाही. तिला फक्त वेळ सांगितली जाते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे. शेजारच्या एका गावातील कार्यक्रमात पुरस्कार मिळालेल्या दोघींपैकी एक विधवा होती. नवरा गेल्यावर तिने बचत गटाच्या कर्जातून शिलाई यंत्र घेतले, मग गटातल्या आणखी बायकांना शिवण शिकवले, आणि आज शाळेचे गणवेश त्या गटाकडून शिवले जातात. निवड अगदी योग्य होती. सत्काराच्या वेळी एका ताईंनी तबक आणले. पहिल्या महिलेला हळदकुंकू लावले, तिची ओटी भरली. दुसरीपुढे आल्यावर तबक क्षणभर थांबले आणि तसेच पुढे सरकले. तिच्या हातात नुसती शाल आणि नारळ ठेवला गेला. कोणाच्याही मनात तिचा अपमान करण्याचा हेतू नसावा. मंडपात कोणाला काही खटकलेही नाही, आणि खरी चिंतेची बाब तीच आहे.

पुरस्कार कोणाच्या नावाचा आहे, याचे भान ठेवायला हवे होते. चौंडीत ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, पुत्र मालेराव १७६७ मध्ये. त्यानंतर १३ ऑगस्ट १७९५ रोजी अखेरचा श्वास घेईपर्यंत, जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, या विधवा स्त्रीने महेश्वरहून राज्यकारभार पाहिला, काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली. त्याच अहिल्यादेवींच्या नावाच्या कार्यक्रमात विधवेपुढून तबक सरकते. त्या स्वतः आमच्या मंडपात आल्या असत्या, तर त्यांनाही कुंकू लावले गेले नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात सर्व ग्रामपंचायतींना हा आदर्श घेण्याचे आवाहन केले. ते परिपत्रक आपल्या दप्तरात असेलच. पुरस्काराच्या सूचनांमध्ये त्याचा एका वाक्यात उल्लेख करण्यास काय अडचण आहे?

समारंभाबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण हे सर्वांनी पाहिलेले आहे. फ्लेक्सवर नेत्यांची छायाचित्रे मोठी आणि सत्कारमूर्तींची नावे तळाशी. कधी तीही चुकीची. फ्लेक्सचा खर्च पुरस्काराच्या रकमेहून जास्त. दहाचा कार्यक्रम, पाहुण्यांच्या गाड्या साडेबाराला. मेअखेरचे ऊन काय असते हे सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला, आणि तरीही आम्ही भर दुपारी पत्र्याखाली म्हाताऱ्या बायका बसवून ठेवतो. भाषणांत त्या दोघींसाठी दोन मिनिटे असतात. आणि सत्कारमूर्तीच्या वतीने तिचे यजमानच पाकीट स्वीकारतात, माईकवर आभारही तेच मानतात, हा प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण मिळून दशक उलटले, तरी सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात, हे आपण मुकाट्याने सोसत आलो. आता पुरस्कारही तेच घेऊ लागले.

रकमेबद्दल माझी तक्रार नाही. पाचशे रुपयांत काय होते, असे काही जण हसून म्हणतात. सन्मान प्रामाणिक असेल तर नुसता कागदही पुरे. मात्र तो कागद तरी खरा असावा.

इथेच माझी शेवटची तक्रार येते. दिलेल्या सन्मानाची कोणतीही नोंद गावाकडे राहत नाही. पुरस्कार सुरू झाल्यापासून आमच्या गावात कोणाकोणाला तो मिळाला, हे विचारायला मी कार्यालयात गेले तेव्हा मला मोबाइलमधील छायाचित्रे दाखवण्यात आली. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले, तेव्हा गटारे, शौचालये आणि उकिरडे तपासायला बाहेरगावच्या समित्या येत, गुण देत, नोंदी ठेवत. गटारांची एवढी कसोशीने तपासणी झाली, ते चांगलेच झाले. माणसांच्या कामाची निदान एका वहीत नोंद व्हावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. हिवरे बाजारचे काम राज्यभर पोहोचले, कारण तिथे पाण्याचा ताळेबंद मांडला गेला आणि तो दरवर्षी गावापुढे वाचला गेला. ज्या गावाला आपल्या माणसांनी काय केले हे सांगता येत नाही, त्या गावातील पुढची मुलगी कोणाकडे पाहून उभी राहणार?

यावर माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्यांतील एकीसाठीही नव्या निधीची गरज नाही.

१. दरवर्षी एप्रिल महिन्यात गावातील कोणाही प्रौढ व्यक्तीकडून नावे मागवावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची सूचना तोंडी ऐकून कार्यालयाने लिहून घ्यावी व तशी पोच द्यावी. स्वतःचा प्रस्ताव आणि कात्रणे मागू नयेत.

२. आलेली सर्व नावे आधी महिला सभेत आणि नंतर १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावीत आणि निवडीचे कारण इतिवृत्तात लिहावे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. मात्र ती सभा खरोखर भरवावी. सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरवून सभा झाल्याचे दाखवण्याची जी चाल आहे, तिच्यावर हा पुरस्कार उभा राहू शकत नाही.

३. विद्यमान सरपंच, उपसरपंच व सदस्य यांच्या कुटुंबातील महिलांचा त्या कार्यकाळात विचार करू नये. त्यांच्यापैकी कोणाचे काम खरोखर मोठे असेल, तर ते पुढच्या पंचायतीच्या काळातही मोठेच राहील.

४. आशा, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि बचत गटांच्या कार्यकर्त्या यांना केवळ मानधन मिळते म्हणून वगळता येणार नाही, असे परिपत्रकात स्पष्ट लिहावे.

५. सन्मानपत्रात त्या स्त्रीने कोणते काम, कोठे, केव्हापासून केले आणि त्याने गावात काय बदलले, हे साध्या वाक्यांत लिहावे आणि मंडपात वाचून दाखवावे. विशेषणे नसली तरी चालतील.

६. नाव जाहीर करण्यापूर्वी संमती घ्यावी. पुरस्कार तिच्याच हाती द्यावा आणि तिची इच्छा असेल तर तिला बोलू द्यावे. कार्यक्रम सकाळी लवकर, सावलीत, पाहुण्यांची वाट न पाहता सुरू करावा. हळदकुंकू व ओटी यांसारखा, काही स्त्रियांना आपोआप वगळणारा कोणताही विधी या शासकीय कार्यक्रमात ठेवू नये.

७. प्रत्येक ग्रामपंचायतीने या पुरस्काराची कायमस्वरूपी नोंदवही ठेवावी, तिचा उतारा कार्यालयाच्या फलकावर लावावा आणि प्रत पंचायत समितीला पाठवावी. २०२३ पासूनच्या नोंदीही मागे जाऊन पूर्ण कराव्यात.

या मागण्या परिपत्रकाच्या रूपाने पुढील मार्चअखेरपर्यंत ग्रामपंचायतींकडे पोहोचल्या, तर पुढच्या ३१ मेपूर्वी सर्व टप्पे निवांत पूर्ण होऊ शकतात. परिपत्रकाची वाट न पाहताही कोणत्याही ग्रामपंचायतीला ठराव करून यांतील बहुतेक गोष्टी लागू करता येतील. त्यासाठी मंत्रालयाकडे तोंड करून बसण्याचे कारण नाही. ज्या गावातून मला सत्कारमूर्तीच्या कामाचा तपशील आठवडाभर आधी मिळेल, त्या गावाचे मानपत्र मी पूर्वीप्रमाणेच विनामूल्य लिहून देईन. नुसत्या नावाची चिठ्ठी आली तर मात्र ती परत जाईल.

या पत्राची एक प्रत आमच्या ग्रामपंचायतीत आणि एक पंचायत समितीत देऊन मी दोन्हींची पोच घेतली आहे. दोन्ही विभागांकडून आणि ग्रामपंचायतींकडून लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका व ग्रामसभेची सदस्य